दाफिनाच्या नावाचा पास

मित्रांनो, मी एक जुना, घड्यांवर विरलेला रेल्वेचा पास आहे. माझ्या जोरावर महिनाभर कितीतरी देशांच्या गाड्यांत बसता यायचं. मात्र ज्याचं नाव, त्याचाच पास. माझ्यावर नाव होतं दाफिनाचं.

डॅन्यूब नदीकाठच्या रुसे गावात ती राहायची. मी आलो त्या दिवशी तिने मला छातीशी धरून घरभर नाचवलं. पण निघण्याआधीच तिला ट्रकने उडवलं. आमच्या रिवाजाप्रमाणे तिच्या फोटोची शोकपत्रकं दारावर, झाडांवर, स्टेशनच्या भिंतीवर लागली.

आईने मला धाकट्या नेवेनाच्या हातात कोंबलं. "तू जा. माझी दाफिना जग बघून आली, असं तरी होईल."

"आई, वेड लागलंय का तुला? नाव ताईचं आहे!"

"चेहरा तर तिचाच आहे ना तुझा."

नेवेना बहिणीचं ओळखपत्र घेऊन निघाली. दर गाडीत तपासनीस विचारायचा, "दाफिना?" ती म्हणायची, "हो, मीच." सुरुवातीला नजर चुकवून. मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघून. प्रत्येक प्रवास माझ्यावर पेनाने लिहावा लागे. बुडापेस्टनंतर तिचं अक्षर बहिणीसारखं वळू लागलं आणि मला भीती वाटू लागली.

त्रिएस्तच्या वाटेवर एका म्हातारीने पाव-चीज पुढे केलं आणि सहज नाव विचारलं. "दाफिना," नेवेना बोलून गेली. इथे तर कुणी तपासत नव्हतं! तिने खिडकीच्या काचेत पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, मग मी कुठे गेले गं?"

परतीच्या शेवटच्या गाडीत रुसेचा म्हातारा तपासनीस आला. मला वाचून त्याने टोपी काढली.

"पोरी, हिचं पत्रक मी रोज स्टेशनवर बघतो. तुझं नाव सांग."

नेवेनाने तोंड खिडकीकडे वळवलं. नदीवरचा पूल आला, सरला, तरी तो तसाच उभा.

"ने... नेवेना," ती कशीबशी म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली.

"देव दाफिनाला क्षमा करो," गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे म्हणतात तसं तो म्हणाला. "आणि नेवेनाबाई, तुमचं तिकीट मी माझ्या पैशाने फाडतो. जिवंत माणसाला मी फुकट नेत नसतो!"

घरी आईने दार उघडलं. "आलीस, दाफे?"

"नाही आई. मी नेवेना. ताई गेली."

आई उंबऱ्यावरच बसली. अंत्यविधीलाही ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

आता मी कपाटात पडून असतो. आईची जीभ अजून कधीमधी चुकते. तेव्हा नेवेना ओ देत नाही, आणि घर क्षणभर कानोसा घेत राहतं. तो क्षण मला सोसवत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हांला जपा' म्हणून विनवतात. मी फाटलो तरी चालेल. पण जे माणूस तुमच्यासमोर जिवंत उभं आहे, त्याला त्याच्याच नावाने हाक मारा.