चाकभर अंतर

मी गुंजन कुमरेच्या उजव्या पायाचा स्केट बोलतोय. डावा माझ्या शेजारीच आडवा पडला आहे, पण तो जात्याच अबोल. शिवाय त्या दिवशी रेषेवर पुढे मी होतो, तो मागे होता. त्यामुळे जे काही सांगायचं ते मलाच सांगायला हवं.

माझा कारखाना कुठला, ते मला नीट आठवत नाही. काळा बूट, त्याखाली चकचकीत पट्टी, पट्टीत एकामागे एक चार चाकं आणि प्रत्येक चाकाच्या पोटात दोन बेअरिंग, असा माझा देह. आम्हा दोघांची मिळून सोळा बेअरिंग होतात. त्या सोळांपायीच पुढचं सगळं घडलं.

नागपूरच्या एका मुलीचे पाय वाढले, तिला आम्ही बसेनासे झालो आणि फिरत फिरत कारंजा घाडग्याच्या शाळेत आलो. तिथे ज्योत्स्ना मॅडम खेळ शिकवायच्या. त्यांनी आम्हाला अकरा वर्षांच्या एका काटकुळ्या मुलीसमोर ठेवलं. ती गुंजन. माझं माप तिला दोन बोटं मोठं होतं. घरी तिच्या आईनं, भागीरथाबाईनं, वेचून आणलेल्या कापसाचा बोळा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "जाय आता. पाय वाढन तसा कापूस काढजो."

गुंजनचे बाबा, पुनाजी, हायवेवरच्या धाब्याशेजारी ट्रकना ग्रीस मारायचे. हातात ग्रीसची पिचकारी, अंगावर काळपट बनियन. दूरदूरचे ड्रायव्हर मुद्दाम त्यांच्याकडे थांबत. ट्रकखाली उताणे झोपून ते नुसत्या आवाजावरून सांगत, "गाडी भुकेली हाय तुही. तिले ग्रीस खाऊ घाल." काम करताना ते स्वतःशीच गोंडीत काहीतरी पुटपुटत. ते मला कळत नसे, पण त्यांचे हात फिरायला लागले की गाडीचं कण्हणं थांबायचं, एवढं मी पाहिलं आहे.

आमचा सराव पहाटे हायवेलगतच्या लहान रस्त्यावर चाले. मॅडम शिट्टी घेऊन आणि पुनाजी लाल फडकं घेऊन उभे. ट्रक वळताना दिसला की ते फडकं हलवत. त्यांच्या शब्दाला तिथं मान होता, ट्रक निमूटपणे थांबायचे. आमच्या शर्यती नेहमी डावीकडे वळतात. वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकत जावं लागतं, म्हणून झीज माझीच जास्त व्हायची. तक्रार नाही. तिच्या टाचेचा जोर मला कळायचा आणि माझ्या चाकांची कुरकुर तिला.

पहिल्या वर्षी ती इतकी पडली की माझ्या नाकाचं कातडंच गेलं. मग हळूहळू कापूस कमी होत गेला. ज्या वर्षी शेवटचा बोळा निघाला, त्या वर्षी ती राज्यात पहिली आली. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली. मग राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक. गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. बसस्टँडवर फ्लेक्स लागला, त्यात पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि गुंजनचा बशीएवढा. मी तर त्यात नव्हतोच. पण खरं सांगतो, मला त्या दिवसांत फार गर्व झाला होता.

दर रविवारी गुंजन अंगणात बसून माझी बेअरिंग काढायची, पेट्रोलमध्ये धुवायची, वाळवायची आणि प्रत्येकात पातळ तेलाचा एकेक थेंब सोडायची. पुनाजी बाजूला बसून ते बघत. एकदा त्यांना राहवलं नाही.

"एका थेंबानं काय होते वो माय? ट्रकले मी वाटीभर भरतो."

"पुरते बाबा तेवढं," ती मान वर न करता म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. जड ग्रीसनं लहान चाक आवळलं जातं, हे तिनं तेव्हा सांगायला हवं होतं. पण तिला शाळेची घाई होती. आणि पुनाजींनी मनाशी ठरवून टाकलं की पोरगी आपली गरिबी बघून तेलातसुद्धा कंजुषी करते.

भारताच्या संघासाठी निवड चाचणी ठरली. दक्षिणेतलं एक मोठं शहर, तिघींनाच जागा, आणि गुंजनच्या वयोगटाची ती शेवटचीच संधी. आठ वर्षं जे धावलो ते याच एका दिवसासाठी. निघायच्या सकाळी ती अंघोळीला गेली होती, भागीरथाबाई वाटेतल्या भाकरी बांधत होती. पुनाजींनी आम्हाला पिशवीतून काढलं. पोरीला बघून बघून त्यांना चाकं खोलता येत होती. कपाटावरून त्यांनी एक डबा काढला. कुणा ओळखीच्या ड्रायव्हरनं आणून दिलेलं ते भारी ग्रीस त्यांनी ट्रकनाही कधी लावलं नव्हतं. सोळाच्या सोळा बेअरिंगमध्ये त्यांनी ते करंगळीनं ठासून भरलं, चाकं बसवली, वरचं सगळं फडक्यानं लख्ख पुसलं आणि आम्हा दोघांना हळदीचं एकेक बोट लावलं.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होतो. इतक्या वर्षांत पोरीसाठी आपल्या हातचं काहीतरी करायला मिळालं, याचा आनंद होता त्यावर. अशा वेळी कुणाच्या तोंडून शब्द फुटला असता?

रेल्वे नऊ तास उशिरा पोचली. गुंजन आणि मॅडम रिक्षानं थेट मैदानावर. सरावासाठी म्हणून तिनं दोन पावलं मारली आणि थबकली. खाली बसून मला उलटं केलं, बोटानं चाक फिरवलं. एरवी ते कितीतरी वेळ गरगरत राही. त्या दिवशी दोन फेरे घेतले आणि थांबलं. तिनं एक चाक खोललं. बोटाला लागलेलं ग्रीस नाकाशी नेलं. तो वास तिच्या घराचाच होता.

"बाबा," ती एवढंच म्हणाली.

मॅडम दुसरी बेअरिंग मागायला धावल्या. गुंजननं आपल्या ओढणीनं जमेल तेवढं ग्रीस काढलं, पण पाच मिनिटांत किती निघणार? मॅडम परतायच्या आत नाव पुकारलं गेलं.

ती कशी धावली ते मलाच ठाऊक. प्रत्येक पावलाला मी तिला मागे ओढत होतो आणि ती मला पुढे ओढत होती. शेवटच्या वळणावर ती चौथी होती. सरळ पट्ट्यावर तिनं तिसरीला जवळजवळ गाठलं. आमच्या खेळात रेषेवर पहिलं चाक कुणाचं, त्यावर निकाल लागतो. तिनं सगळा जीव एकवटून उजवा पाय, म्हणजे मला, पुढे फेकलं. माझं चाक रेषेला लागलं तेव्हा त्या तिसरीचं लागून गेलेलं होतं. एका चाकाएवढंच अंतर.

घरी पुनाजी दारातच उभे होते. हरल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "चाकं तं बराबर चालले ना?"

"चाकं मस्त चालले बाबा. पायच थकले माहे."

"तेच मी म्हनो," पुनाजी म्हणाले आणि आम्हाला खुंटीवर टांगलं.

त्याला आता सात वर्षं झाली. गुंजन टोल नाक्यावर काम करते. लोखंडी खिडकीत बसून भरधाव गाड्या थांबवते आणि सोडते. आम्हाला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही. धुतलं असतं तर आपलं ग्रीस काढून टाकलेलं बाबांना दिसलं असतं. आणि पुनाजी? दर दसऱ्याला ते आम्हाला खाली काढत, त्याच डब्यातलं ताजं ग्रीस भरत, हळद लावत. "माह्या पोरीनं यायच्यावर नाव काढलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गुंजन दारात उभी राहून बघायची आणि आत निघून जायची.

गेल्या रविवारी ज्योत्स्ना मॅडमचा फोन आला. रोहण्याची वर्षाली नावाची एक लहान मुलगी आहे, चांगली धावते, तिच्याकडे स्केट नाहीत. गुंजन लगेच हो म्हणाली. आज वर्षाली आणि तिची आई आल्या. भागीरथाबाईनं न सांगताच कापूस आणला. पुनाजी डबा घेऊन अंगणात बसले.

"पोट्टी पयल्यांदा शर्यतीले चालली. हिले उपाशी पाठवू काय?" म्हणत त्यांनी झाकण उघडलं.

गुंजनचा चेहरा मला दिसत होता. ती वर्षालीच्या पायांकडे पाहत होती.

"बाबा, थांबा. याले ग्रीस नाई लागत."

"काऊन?"

ती काही बोलली नाही. पुनाजींचं बोट डब्यातच राहिलं. ते कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे बघत होते. आयुष्यभर आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस तो, त्याला तेवढं गप्प राहणं पुरलं.

"त्या वक्ती... मीच भरलं होतं."

"बाबा, राहू द्या ना आता."

"सात वर्षं तू मले भरू देल्लं?"

"तुमी किती मायेनं भरत होते," गुंजन म्हणाली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

पुनाजी रडले नाहीत. त्यांनी डबा बंद केला, पेट्रोल आणलं आणि सोळाही बेअरिंग स्वतः धुतली, पुन्हा पुन्हा, ताटलीत काळं उतरायचं थांबेपर्यंत. मग गुंजननं तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली. "एकच थेंब, बाबा." थेंब सोडताना तिनं त्यांचं मनगट धरलं.

आता मी पिशवीत जाईन, आर्वीच्या बसनं रोहण्याला. माझ्या तोंडात पुन्हा कापूस आहे. वर्षाली बाई, तुझ्या घरातही कुणी मायेनं चूक करत असेल, तर त्याला तिथल्या तिथं सांग. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. सात वर्षं थांबू नकोस.

आत्ताच, पिशवी भरण्याआधी, पुनाजींनी मला मांडीवर घेतलं आणि बोटानं चाक फिरवलं. ते फिरलं, फिरतच राहिलं. ते वाकून बघत होते.

"असं फिरते काय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो बाबा," गुंजन म्हणाली.

मला थांबायचं होतं. देवाशपथ, मला त्या म्हाताऱ्यासमोर लगेच थांबायचं होतं. पण आता थांबवणारं माझ्या आत काहीच उरलं नव्हतं.