आधारपेशी

चित्रात दृष्टिपटलाच्या मधल्या खळग्याच्या कानशिलाकडच्या बाजूला एक काळी फट होती. आडवी, तिळाच्या आकाराची, कडा स्वच्छ. तिच्याभोवती सूज नव्हती, पाणी नव्हतं, रक्त तर नव्हतंच. अंकितानं ती मोठी करून पाहिली, मग गेल्या वर्षीचं चित्र शेजारी उघडलं. फट तेव्हाही होती, पण खसखशीच्या दाण्याएवढी. उजव्या डोळ्यात तशीच डाव्यातही.

डोळे तिच्या वडिलांचे, आण्णांचे होते.

सोलापुरातल्या या दवाखान्यात दृष्टिपटलाची चित्रं काढायचं काम तिच्याकडे होतं. त्याआधी ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत म्युलर पेशींवर काम करायची. दृष्टिपटलाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उभ्या असलेल्या या आधारपेशी. त्या स्वतः काही बघत नाहीत. बघण्याचं आणि निरोप पुढे देण्याचं काम चेतापेशींचं. आधारपेशी त्यांना पोसतात, आणि निरोप देताना जे रसायन सांडतं ते लगोलग उचलून घेतात. ते तसंच साचलं तर चेतापेशी नको तेव्हा पेटून उठतात, भलतेच निरोप देतात आणि शेवटी मरतात. आण्णांच्या डोळ्यात आधी आधारपेशी खचत होत्या. चेतापेशी त्यांच्यामागून जाणार होत्या.

हे गेल्या वर्षीच तिच्या मनात आलं होतं. पण नजर तपासायच्या तक्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या खुणा आण्णांनी बरोबर सांगितल्या होत्या. चित्र एक सांगत होतं आणि माणूस दुसरंच. डॉक्टर विजयमाला म्हणाल्या, “एवढं छान दिसतंय, मग पुढच्या वर्षी बघू.” अंकिताला तेवढंच हवं होतं. तिनं घरी काही सांगितलं नाही.

आता सांगणं भाग होतं, कारण एक कोकरू मेलं होतं.

आण्णांचा कळप मंगळवेढ्याकडच्या माळावर. दिवसभर मेंढ्या रानात असायच्या आणि कोकरं मुक्कामाच्या वाड्यावर. दिवस कलला की आण्णा एकेक कोकरू उचलून त्याच्या आईखाली लावायचे. मेंढरं मोजायची नाहीत, तोंडं ओळखायची, ही घरातली रीत. त्यांना प्रत्येक मेंढीचं तोंड पाठ, आणि कुठलं पिल्लू कुणाचं तेही. पण गेल्या महिन्यात अंकिताची आई तापानं पडली होती, त्याच दिवसांत एक कोकरू रोज परक्या मेंढीखाली जात राहिलं. मेंढी त्याला ढुशी मारून उडवायची. कळपात त्याची आई त्याच्या नावानं ओरडत फिरायची आणि आण्णांना वाटायचं, हिचं काहीतरी दुखतंय. कोकरू उपाशी गेलं.

दिवाळी झाली की कळप भीमेकडे चरायला निघणार होता. वाटेत मोठा हायवे ओलांडायचा. धाकटा धुळाकाका कधीपासून म्हणत होता, दादा, तुझी मेंढरं माझ्यात मिसळ, तू बस. आण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं, “औंदाचं साल जाऊ दे.”

अंकितानं चित्रं बंद केली आणि तपासणीच्या खोलीत गेली. गेल्या वर्षी तक्ता दुसऱ्या मुलीनं दाखवला होता. आज तिनं तो स्वतः दाखवायचं ठरवलं.

खोली लहान म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे, वर लावलेला, आणि समोर आरसा. आण्णांनी आरशात बघायचं आणि इंग्रजी ‘ई’सारख्या तीन दातांच्या खुणेचं तोंड जिकडे असेल तिकडे हात करायचा. पटका मांडीवर ठेवून ते ताठ बसले होते. आई, मायाक्का, खुर्चीमागे उभी होती.

“ही?”

आण्णांनी हात वर केला. बरोबर.

“ही?”

डावीकडे. बरोबर.

“बघ, घारीगत नजर हाय अजून,” आण्णा म्हणाले. “तुझ्या डाक्टरीणबाईला म्हणावं, या मेंढरं राखायला. पगार देतो.”

“आदी माझा पगार द्या,” आई म्हणाली. “लगीन झाल्यापासनं थकलाय.”

अंकिता हसली आणि हसता हसता तिचं लक्ष आरशात गेलं. आईचा हात आण्णांच्या खांद्यावर होता. तो कायम कुठंतरी असायचाच, खांद्यावर नाहीतर कोपराला. त्यात नवल नव्हतं. तिनं पुढची खूण दाखवली. आईचा अंगठा मानेकडे सरकला. आण्णांचा हात वर गेला.

तिनं आणखी एक खूण दाखवली. चार बोटं खाली दाबली गेली. आण्णांचा हात खाली.



“आई, हात काढ.”

“का गं? माझी काय अडचण?”

“काढ.”

हात खांद्यावरून हळूहळू निघाला आणि पदरात गेला.

“आण्णा, ही?”

आण्णांनी मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली. “वर,” ते म्हणाले. खुणेचं तोंड उजवीकडे होतं.

“ही?”

ते बराच वेळ बघत राहिले. “मधलीच गायब हुतीया,” शेवटी म्हणाले. “कडंच्या दिसत्यात.”

“कधीपासनं?”

उत्तर आईनं दिलं. “तुला नोकरी लागायच्या आदीपासनं. कोकरं पाजताना मी मागं ऱ्हाती. ही कानफाटीची, ही मुंडीची, असं सांगती. मी तापानं पडले तवाच घोटाळा झाला.”

“गप की,” आण्णा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

अंकितानं स्टूल ओढलं आणि दोघांसमोर बसली. आता थेंब, चष्मा, पुढच्या वर्षी, यातलं काहीच तिच्या तोंडी आलं नाही. “आण्णा, डोळ्याच्या पडद्यात बघणाऱ्या पेशी असत्यात आन् त्यांना सांभाळणाऱ्या येगळ्या असत्यात. तुमच्या सांभाळणाऱ्या खचल्यात. म्हणून बघणाऱ्या उपाशी पडाय लागल्यात. चष्म्यानं हे भरून येणार न्हाय. परदेशात एक उपाय निघालाय, आपल्याकडं अजून न्हाय.”

“आंधळा हुतो व्हय?”

“न्हाय. हिंडाल, फिराल. पण तोंडं दिसायची न्हाईत. आन् हायवेवर कळप तुमच्या भरवशावर सोडता येणार न्हाय.”

“सांभाळणाऱ्या का खचल्या?”

“त्यांचं त्यांनाच पुरंना झालं.”

आण्णांनी बायकोकडे मान वळवली. नजर तिच्या तोंडावर नव्हती. कानाच्या पलीकडे, भिंतीकडे होती. अंकिताला आठवलं, गेले कित्येक महिने ते असेच बघायचे आणि तिला वाटायचं, आईवर रागावलेत. ते रागावलेले नव्हते. भिंतीकडे बघितल्याशिवाय त्यांना आईचं तोंड सापडत नव्हतं.

ते तसेच बघत राहिले. तापानं आईची गालफडं बसली होती, गळ्याशी हाडं वर आली होती.

“मी हाय की,” आई घाईनं म्हणाली. “आता बरी हाय मी. औंदाचं साल फिरीन संगं.”

आण्णांनी मांडीवरचा पटका उचलला, दोन्ही हातांनी चाचपून त्याचं टोक शोधलं, पण डोक्याला बांधला नाही.

“न्हाय,” ते म्हणाले. “अंके, धुळाला फोन लाव. म्हणावं, दिवाळीच्या आत ये आन् मेंढरं घेऊन जा. कोकरं बी आता तूच पाज, म्हणावं.”