वावरात शिरलं की उपग्रह शून्य

भाड्याने लोकांच्या वावरात गेला, की आमचा ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर दोरी ताणल्यासारखा सरळ चालायचा. आमच्याच नदीकाठच्या वावरात शिरला, की स्क्रीनवर ‘उपग्रह शून्य’ यायचं आणि सरी वाकडी. सारंगखेड्यात आमचं हसं व्हायला लागलं. शेवटी माझा मुलगा हेमकांत म्हणाला, "माय, हाई वावर औंदा बटाईवर दी टाकू. आठे मशीनच चालत नही."

हेमकांतचे वडील या वावरात बैलांनी सरी काढायचे. पैलतीरावरच्या पंपघरावर नजर धरली, की वाकडं जायचं नाव नाही. मी भाकरी घेऊन बांधावर बसायची. वावर दुसऱ्याच्या हाती गेलं, तर त्या बांधावर मी कोणत्या नात्याने बसू?

पण बिघाड काय, तेच कळेना. एका पुरात आमचं ऑइल इंजिन इथेच गाळात गेलं होतं, ते पुन्हा सापडलं नाही. त्याचं लोखंड तर उपग्रहाचं ओढून घेत नसेल, मी विचारलं. हेमकांत हसला. "माय, उपग्रह वर शेतस, इंजिन खाले."

ट्रॅक्टरच्या टपावर बशीएवढी अँटेना. तिच्यावर दोन यंत्रं चालतात. एक, ड्रायव्हरला रेघ दाखवणारी स्क्रीन. दुसरं, भाड्याने नांगरलेलं रान मोजणारं मीटर. पूर्वी दोघांना वेगळ्या अँटेना होत्या. एक बाभळीच्या फांदीने मोडली, तेव्हा शहाद्याच्या भूपेश मेकॅनिकने दोन तोंडांचा जोड बसवून एकीवरच दोन्ही चालू केली.

त्यालाच बोलावलं. खळ्यात त्याने तपासलं, तर अँटेनाच्या वायरीत पाच व्होल्ट, स्क्रीनवर उपग्रहच उपग्रह. ट्रॅक्टर वावरात नेला आणि पुन्हा तपासलं, तर काहीच नाही. वायर बदलली, तरी तेच.

"खळामा करंट शे, वावरमा नही," भूपेश डोकं खाजवत म्हणाला. "बांधवर सांडी जास का काय?"

"काकू, भगत बलावू का?" आमचा ड्रायव्हर नवल मला म्हणाला.

"तूच भगत व्हय," मी म्हटलं.

भूपेशने ट्रॅक्टर परत खळ्यात न्यायला लावला आणि येताना स्वतः मडगार्डवर बसून आला. बांध ओलांडताना नवलचा डावा हात सवयीने मीटरकडे गेला. बटण बंद. स्क्रीनवर शून्य.

"हाई काबर बंद कयं?" भूपेश ओरडला.

"घरनं वावर शे. मोजीसनी कोनले दखाडनं शे?"

भूपेशने कपाळाला हात लावला. मग मला समजावू लागला. अँटेनाला आपणहून काही ऐकू येत नाही, तिला खालून करंट लागतो. दोन यंत्रांचे करंट एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून जोडाचं एकच तोंड करंट वर सोडतं, दुसरं अडवतं. ते मोकळं तोंड त्याने स्वतःच मीटरला दिलं होतं. मीटर बंद झालं, की अँटेना बहिरी.

"आनि त्याच वायरमाईन उपग्रहनं बोलनं खाले येस?" मी विचारलं.

"त्याच वायरमाईन, काकू."

वर जाणारं आणि खाली येणारं वाटेत अडखळत कसं नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

त्याने वायरींची अदलाबदल करून मोकळं तोंड स्क्रीनला दिलं. मीटर चालू केलं, तर त्यावर लाल दिवा लागला, ‘अँटेना नाही’. आकडे मात्र व्यवस्थित पुढे सरकत होते.

"काम बी करस आनि नही बी म्हनस?" मी विचारलं.

"त्याना करंट कोनी लेत नही, म्हनीसन त्याले वाटस काहीच जोडेल नही. लुकलुकू द्या."

इतका वेळ बघत उभ्या असलेल्या हेमकांतने नवलला उतरवलं आणि मीटर बंद करून स्वतः बसला. पहिली सरी थेट नदीपर्यंत गेली. वळून आला, दुसरी तिच्याशेजारी बसली. मी बांधावरच उभी होते. बटाईबद्दल त्याने कोणाला शब्द दिला होता की नाही, मी विचारलं नाही.

तिसऱ्या फेरीला तो माझ्यापाशी आला. ट्रॅक्टर बंद न करताच ओरडला, "माय, नूतनले फोन कर. आठे पेराले कापूसनं बियानं काढी ठेव म्हन!"

मी आवाजात नीट ऐकलं की नाही, म्हणून त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग सुनेला फोन लावला.