ओठाबाहेर

"ओठाबाहेर," नागुमो म्हणाले. पाण्यावरची नजर न हलवता, हवामान सांगावं तसं.

शेजारी कुवाबारांनी नुकताच हेरा मासा हातजाळीत घेतला होता. आमच्या गळांना उलटा काटा नसतो. जाळीत येता येता बहुधा गळ सुटतो आणि त्याबरोबर पुरावाही. ओठाच्या आत लागलेला मासा मोजायचा, बाहेर लागलेला सोडून द्यायचा. शेजाऱ्याने हरकत घेतली, तर धरणाऱ्याने 'तोंडात' एवढा एकच शब्द बोलायचा. नाही बोलला, तर स्पर्धेतूनच बाद.

कलम कुवाबारांचंच. पाणीखात्यात चौतीस वर्षं मीटर वाचलेला हा माणूस. तळ्यावर बावीस वर्षं पंच म्हणून त्यांनी आम्हालाही तसंच वाचलं. अकरा जण बाद केले. नऊ वर्षांपूर्वी नागुमोंना, 'भाताच्या शिताएवढं बाहेर' म्हणून. ते भांडण इतकं चिघळलं, की त्यानंतर हे कलम आलं. दोघांतलं बोलणं तेव्हापासून बंद. यंदा जागांच्या चिठ्ठ्यांनी त्यांना तळ्याकाठच्या फळीवर शेजारी बसवलं. चिठ्ठ्यांनाही विनोदबुद्धी असते.

पंचाला स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणून विजेत्यांच्या नावांच्या लाकडी पाट्यांत कुवाबारांची पाटी नव्हती. यंदा पंचगिरी सोडून ते पहिल्यांदाच उतरले आणि दुपारपर्यंत चार माशांनी पुढे होते.

नवे पंच इशिगे आले. त्यांना न्यायापेक्षा जेवणाची सुट्टी प्रिय. "तोंडातच होता ना, कुवाबारा-सान?" उत्तर त्यांनी प्रश्नातच वाढून दिलं.

"म्हणू द्या की," नागुमो आमिष मळत म्हणाले. "सोपा शब्द आहे. मला म्हणायला मिळाला नव्हता."

कुवाबारांनी चष्मा काढून जाळीत पाहिलं, मग लावून पाहिलं.

"मला दिसलं नाही."

इशिगेंनी हळूच सुचवलं, अंदाजाने सांगितलं तरी चालेल.

"मीटर अंदाजाने वाचत नाहीत."

बाद झाल्याचा कागद त्यांनी नाकाला लावून वाचला, इशिगेंनी चुकवलेला कलम क्रमांक दुरुस्त केला आणि सही केली. मासे सोडले. बाद झालेल्याने शिट्टी होईपर्यंत जागेवरच बसायचं, हेही कलम त्यांचंच. ते बसले.

तीनच्या सुमारास नागुमोंना मासा लागला. जुन्या सवयीने कुवाबारांची मान वळली. "ओठ इकडे करा."

नागुमोंनी मासा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. गळ अजून सुटला नव्हता. ओठापासून चांगला दोन बोटं मागे, कल्ल्यावर रुतला होता.

"बघा. घ्या हरकत."

कुवाबारा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा."

"तोंडात," नागुमो म्हणाले आणि मासा जाळ्यात टाकला.

हरकत शेजाऱ्यानेच घ्यायची असते. नागुमोंच्या पलीकडचा शेजारी मी. मी आमिष मळत होतो.

कुवाबारांनी मान डोलावली, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि हात गुडघ्यांवर ठेवून शिट्टी होईपर्यंत पाण्याकडे बघत ताठ बसून राहिले.