आवाज तर येते ना

केळापूरच्या देवीचं मुख पाहिल्याशिवाय विमलताई तोंडात घास घालत नसत, आणि कालपासून मुख दिसत नव्हतं. आवाज यायचा. घंटा, झांजा, पुजाऱ्याचा घोगरा सूर, मध्येच एखाद्या लेकराचं रडणं, सगळं स्वच्छ ऐकू यायचं. चित्राच्या जागी मात्र नुसती काळी काच.

बोरी अरबहून केळापूर काही परमुलूख नव्हे. पण गुडघे गेल्यापासून विमलताईंना अंगणाची पायरी उतरायची तरी भिंत धरावी लागायची. तेव्हा कपिलने, म्हणजे नागपूरला नोकरीत असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका लेकाने, टॅब आणून दिला. टॅब होता नातीचा, सुरभीचा. शाळा घरात भरत होती त्या काळात घेतलेला. तिला नवा आला, मग हा आजीकडे आला.

"आता देवीच तुह्या घरी येते आई," कपिल म्हणाला होता. "तुले कुठं जायचं कामच नाई."

विमलताईंनी ते मनावर घेतलं. टॅब देवघरात चौरंगावर विराजमान झाला. वरून खणाचा तुकडा, पाठीला हळदकुंकवाची बोटं. एकदा कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि टॅब आठवडाभर उपाशी राहिला, तेव्हा त्यांचे यजमान, बापूजी, ओट्यावरून म्हणाले होते, "अवं, नेम तुह्या हाय, त्याले कायले उपाशी ठेवतं?" बापूजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना देवी काय आणि टॅब काय, सारखंच धुकं. म्हणून जिभेला धार.

देवळातला इंद्रजीत, पुजाऱ्याचा धाकटा भाऊ, रोज सकाळच्या आरतीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. विमलताई आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा बांधून, टॅबपुढे बसायच्या. कॅमेरा हळूहळू गाभाऱ्याकडे जायचा, मुख दिसायचं, त्या हात जोडायच्या आणि मग चहा टाकायच्या. भिंतीवर देवीचा फोटो होताच. पण फोटो किती वर्षांपूर्वीचा, आणि आरती आजची. आजच्या देवीला पाहायचं, हा नेम.

यंदा मात्र त्यांचं मन टॅबवर भागत नव्हतं. घरची चाल अशी की अष्टमीला देवीची ओटी घरातल्या थोरल्या बाईने भरायची. तिच्याने होईनासं झालं, की तिने सुनेला देवीपुढे उभं करायचं आणि ओटीचं ताट आपल्या हाताने तिच्या हाती द्यायचं. तिथून पुढे मान सुनेचा. विमलताईंना तो त्यांच्या सासूने असाच दिला होता. ताट देताना म्हातारीच्या हातून तांदूळ सांडले होते, ते विमलताईंना अजून आठवायचं. आता त्यांची पाळी. हिरवं लुगडं त्यांनी श्रावणातच आणून पेटीत ठेवलं होतं.

"औंदा मले एकदा ने, बाबू," त्या कपिलला फोनवर म्हणाल्या होत्या. "दिपालीच्या हाती ताट देतो अन् मोकळी होतो. मंग नाई म्हणत तुले कुठं ने म्हणून."

"आई, सुट्टीच नाई भेटून राह्यली. अष्टमीलेच वरचे साहेब येऊन राह्यले. पुढच्या साली पाहू ना. तू टॅबवर पाय."

पुढच्या साली. नोकरीच्या माणसाला अडचणी असतात.

आणि नेमका सप्तमीला टॅब काळा झाला. त्यांनी कपिललाच फोन लावला. तो घाईत होता.

"आवाज तर येते ना? मंग झालं. डोये मिटून आयक."

काल दिवसभर विमलताईंच्या पोटात काही गेलं नाही. नवरात्राच्या उपासाला बापूजींची हरकत नव्हती, पण भगरसुद्धा नाही म्हटल्यावर ते चिडले. दिवेलागणीला त्यांनी स्वतः दुधाचा पेला भरून आणला, अर्धा वाटेत सांडला, आणि म्हणाले, "पेत नसशीन तं मीबी नाई पेत." तेवढं दूध विमलताईंनी घेतलं. तोही नेमाला डागच.

अष्टमीच्या सकाळी शेजारची नलू आली. नलू आणि तिचा नवरा लग्नांची शूटिंग करायचे, कापून-जोडून व्हिडिओ तयार करायचे. पुसदकडच्या एका कार्यक्रमाहून ती कालच परतली होती. व्हिडिओ आलेला होता, आवाज चालू होता, काच काळी होती.

"काकू, तोंड पाहा कसं सुकलं! घ्या, माह्या फोनात पाहा. आत्ता पाठवतो."

"तुह्या फोनात?" विमलताईंनी हात मागे घेतला. "काल कायची शूटिंग होती व तुही?"

नलू हसली. "जावळं होते. बकऱ्याचं जेवण."

"मंग! त्यातच माह्यी देवी घालतं?"

"अवं नले, ते नाई आयकत," ओट्यावरून बापूजी म्हणाले. "टॅबचं सोवळं माह्यापेक्षा कडक हाय. मले तं ते कवाबी शिवते."

नलूने मग हात धुतले, पाय धुतले आणि टॅब मांडीवर घेतला. थोडा वेळ काहीतरी उघडून पाहिलं.

"टॅब बिघडला नाई, काकू. इंद्रजीतनं फोन नवा घेतला. त्याचा व्हिडिओ नव्या रीतीनं गुंडाळल्या जाते, म्हणजे मोठा व्हिडिओ लहानशा जाग्यात मावते. अन् क्वालिटी जाऊ नाई म्हणून तो फाईल जशीच्या तशी पाठवून राह्यला. तुमच्या टॅबात चित्र उलगडाची एक चिप असते, तिले हे नवी रीत ठाऊकच नाई. आवाज जुन्याच रीतीचा हाय, म्हणून तेवढा येते."

"मंग आता?"

"तुमचा मिक्सर बंद पडला तं काय करता?"

"पाटा हाय ना."

"तसंच. ते चिप म्हणजे मिक्सर. तिच्यात जे बसते ते भर्रकन वाटते, नाई बसत ते नाईच. आता मी दुसरा प्लेअर टाकतो अन् त्याले सांगतो, चिपच्या भरोशावर राहू नको, सॉफ्टवेअरनं उलगड. म्हणजे पाट्यावर. पाट्यावर काईबी वाटल्या जाते, पण हात भरून येते. चित्र अटकत अटकत चालन, टॅब तापन, बॅटरी धडाधड उतरन. चालते?"

"मुख दिसन ना?"

"दिसन."

"मंग तापू दे."

विमलताईंनी पेटीतून हिरवं लुगडं काढलं. वर नारळ, खण, तांदूळ, हळकुंड ठेवलं आणि ताट टॅबपुढे मांडलं. जाणं नाही तर नाही, मुख दिसलं की मनातल्या मनात ओटी भरायची, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. दिपालीचं नाव घेऊन ताट पुढे सरकवायचं. देवी काही अंतर मोजत नाही.

नलूने बोट लावलं आणि काळ्या काचेत देऊळ उजळलं.

"आलं व माय!" विमलताईंचे हात आपोआप जोडले गेले.

चित्र खरंच पाट्यावर वाटल्यासारखं येत होतं. एक हिसका, मग थांब. खांब दिसला, थांबला. झेंडूच्या माळा दिसल्या, थांबल्या. आवाज मात्र आपल्या वेगाने पुढे पळत होता. आरती निम्मी झाली तरी चित्र अजून सभामंडपातच रेंगाळत होतं. माणसांची तोंडं एकेक करून यायची आणि काचेवर चिकटून राहायची. रोजच्या धावत्या व्हिडिओत विमलताईंनी ही तोंडं कधी पाहिलीच नव्हती. कॅमेरा सरकन निघून जायचा.

मग गाभाऱ्याचं दार आलं. अष्टमीची गर्दी. चित्राने एक हिसका दिला आणि एका ताटावर येऊन थांबलं.

ताट दोन बायकांच्या हातांत होतं. एक देत होती, एक घेत होती. घेणारी दिपाली होती, त्यांची सून. देणारी दिपालीची आई, केळापूरशेजारच्या पांढरकवड्याची विहीणबाई. ताटात हिरवंच लुगडं होतं. बाजूला सुरभी फोन वर धरून उभी. आणि मध्ये, कॅमेऱ्याकडे अर्धी पाठ करून, रेशमी कुर्त्यात कपिल.

विमलताईंचे हात जोडलेलेच राहिले.

"जुना व्हिडिओ असन व," नलू पटकन म्हणाली. मग तिलाच कळलं असावं, कारण दिपालीच्या मागे आजच्याच माळा होत्या आणि फाईलवर आजचीच तारीख. "अटकलं वाटते. थांबा, पुढे नेतो."

"नको. राहू दे."

चित्र हललं नाही. आवाजातली आरती संपली, जयजयकार झाला, लोक प्रसादासाठी बोलू लागले, तरी ताट तिथंच दोन हातांमध्ये. विमलताईंनी वाकून पाहिलं. ताटामागे, कपिलच्या खांद्यावरून, देवीचा मुकुट तेवढा दिसत होता. मुखाच्या जागी त्याची मान होती. मानेवरचा तीळही दिसत होता. लहानपणी तेल लावताना तो त्यांच्या अंगठ्याखाली यायचा.

"दिसली काय व देवी?" बापूजींनी ओट्यावरून विचारलं.

विमलताईंनी जोडलेले हात खाली घेतले.

"गर्दी हाय," त्या म्हणाल्या.

टॅब तव्यासारखा तापला होता. नलूने तो खणाच्या तुकड्यात धरला, पण आणखी एक हिसका यायच्या आत बॅटरीच संपली. काच पुन्हा काळी. नलूने विनाकारण चार्जरची वायर सरळ केली.

तेवढ्यात बापूजींचा बटणांचा फोन वाजला. "घे, तुह्या लेक," म्हणत त्यांनी तो आत दिला.

"आई, जेवली काय? काल काई खाल्लं नाई म्हणे. बाबा सांगत होते." कपिलच्या मागे गाड्यांचे हॉर्न होते, आणि कोणीतरी "नारळ घ्या, नारळ" असं ओरडत होतं.

"ऑफिसात हाय काय रे?"

"हो ना. म्हणजे, बाहेर आलो चहाले." मग जरा थांबून, आवाज सहज ठेवत त्याने विचारलं, "ते टॅबचं झालं काय? आजची आरती दिसली?"

एवढ्याचसाठी फोन आहे, हे विमलताईंना कळलं. काल त्याला टॅबची पर्वा नव्हती. इंद्रजीतचा कॅमेरा आपल्यावरून फिरला, हे त्याने पाहिलं असणार. 'दिसली' म्हटलं असतं तर तो काहीतरी सांगणार होता. सासऱ्याची तब्येत, नाहीतर ऐनवेळी ठरलं, नाहीतर विहीणबाईंचा नवस. ते सगळं ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि वर 'असू दे बाबू' म्हणावं लागलं असतं. देवीच्या दिवशी लेकाच्या तोंडून आणखी एक खोटं कशाला वदवून घ्या?

"नाई रे," त्या हळूच म्हणाल्या. "चित्र नाई येत. काळंच हाय."

फोनमधून सुटकेचा श्वास आला. तोही स्वच्छ ऐकू आला.

"आवाज तर येते ना?"

"येते ना. समदा आवाज येते."

"मंग ठीक हाय. दिवाळीले तुले नवा टॅब आणतो. एकदम भारी."

"नको बाबू. याच्यातच भागते माह्यं."

फोन ठेवून त्यांनी ताटातला नारळ उचलला, खण उचलला, तांदूळ परत डब्यात ओतले. लुगड्याची घडी मोडलीच नव्हती. ते त्यांनी पेटीत अगदी तळाशी, डांबरगोळ्यांच्या खाली सारलं.

"नले, हे सॉफ्टवेअर का काय ते काढून टाक. पयल्यासारखं कर."

"काकू, मंग मुख नाई दिसणार. मी इंद्रजीतले सांगतो ना जुन्या रीतीनं पाठवाले. एक बटण तं हाय त्याच्या फोनात."

"नको सांगू कोणाले. मिक्सरवरच ठेव."

नलूने तसं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅब वाजला तेव्हा तो देवघरात नव्हता. स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. खणाचा तुकडा धुऊन दोरीवर वाळत होता. काळ्या काचेतून घंटा वाजू लागल्या, झांजा आल्या, पुजाऱ्याने सूर धरला. विमलताई पाटावर बसल्या, पानात भगर वाढून घेतली, त्यावर दाण्याची आमटी ओतली.

"झाली काय आरती?" बापूजींनी विचारलं.

"चालू हाय," विमलताई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला घास तोंडात घातला.