बाटलीचं बूच

देवकाबाईनं बोट ओलं करून चुन्याच्या खड्याला टेकवलं. खडा सुसकारला, बोटाला चटका बसला.

"जिती आहे कळी," ती स्वतःशीच म्हणाली आणि तो खडा तिनं फडक्यात बांधला. उघड्यावर राहिली तर चुन्याची कळी हवेनंच मरते, पीठ होऊन बसते. मग तिच्यावर घागरभर पाणी ओता, ढिम्म हलत नाही. म्हणून करडी गावच्या बाजारातून आणल्यापासून तिनं कळी घट्ट डब्यात ठेवली होती. शेजारणींना सांगितलं होतं, घर पोतायला आणली.

शिलाई मशीनवरची डिंपल थांबली.

"आई, तू तं सराच्या निरोपाच्या कार्यक्रमाले चालली ना? मंग चुना कायले घेऊन राहिली?"

"सराले अहेर द्याचा आहे."

डिंपलनं मान वळवली. डावा डोळा आईवर ठरला. उजव्या जागी नुसती मिटलेली पापणी. "जाऊ दे ना वं आई. किती वर्सं झाली. लोकं विसरले."

"विसरले? परवा तुले पाहाले आलेले पाहुणे काय म्हणून गेले? पोट्टी खोडकर होती म्हणे, आपल्याच हातानं डोळा फोडून घेतला. हे विसरणं होय?"

डिंपलनं पायडल मारलं. पुढचं बोलणं मशीनच्या आवाजात बुडालं.

डिंपल नववीत असतानाची गोष्ट. कोणती प्रक्रिया उष्णता देते, कोणती घेते, हे दाखवायला मधुकरराव सरांनी दोन मुली पुढे बोलावल्या. अंजूच्या हाती पाण्याचा पेला दिला आणि त्यात युरिया ढवळायला लावला. पेला गार गार होत गेला, अंजू हसत शहारली. डिंपलच्या हाती आली काचेची बाटली. आत कळी, वर पाणी. "बूच घट्ट लाव, उष्णता बाहेर जाऊ देऊ नको," असं सर म्हणाले, हे डिंपलनं दवाखान्यात शुद्धीवर येताच आईला सांगितलं. आत वाफ कोंडली होती आणि बाटली चेहऱ्यासमोरच फुटली होती.

सरांनी गावात वेगळंच सांगितलं. "मी फळ्याकडे वळलो, तेवढ्यात पोरीनं खोडी करून बूच लावलं." गावानं मान डोलावली. देवकाबाई अंजूच्या दारी गेली, तर ती पोर जमिनीकडे बघत म्हणाली, "मले नाही आठवत, काकू."

देवकाबाई त्याच शाळेत खिचडी शिजवायची. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असते. ती पहिली वाटी तिला रोज सरांपुढे ठेवावी लागे. "वा, देवकाबाई! झकास!" सर म्हणत. ते जीभ फिरवून चव घेत तेव्हा ती त्यांच्या दोन्ही डोळ्यांकडे बघत राही. या वाटीत काय काय कालवता येईल, हे तिनं कितीदा मनात कालवून पाहिलं होतं. पण त्याच पातेल्यातून पोरं जेवायची.

धानाच्या रोवणीत बायांना गाणी पुरवणारी ही बाई तेव्हापासून शेतात मुकी झाली. चुन्याच्या कळीला काडी लावून आग लागत नाही, तिच्यातली आग पाण्यानं जागी होते. देवकाबाईचंही तसंच होतं. रडली की ती निवायची नाही, जास्तच तापायची.

शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. साकोलीच्या दवाखान्यात नर्स झालेली अंजू माजी विद्यार्थिनी म्हणून बोलायला उभी राहिली. "सरांनी विज्ञान नुसतं सांगितलं नाही, हातात दिलं. युरियाच्या पेल्याचा तो गारवा माझ्या हाताला आजही आठवतो." टाळ्या पडल्या. मांडवाच्या खांबाशी देवकाबाईनं घरून आणलेली काचेची बाटली पदराखाली घट्ट धरली. गारवा आठवते तुले, आँ?

मग शाळेची स्वयंपाकीण म्हणून देवकाबाईचं नाव पुकारलं.

"मले भाषण नाही येत," ती माईकपाशी म्हणाली. "सरानं एवढे पोट्टे शिकवले, मी शाळेत राहून बी अडाणीच राहिलो. जाता जाता एक धडा मलेबी शिकवून द्या, सर."

मांडव हसला. गळ्यात हार, अंगावर शाल, असे सरही हसले.

तिनं फडकं सोडलं, कळीचे तुकडे बाटलीत टाकले, टेबलावरच्या तांब्यातलं पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आत फुसफुस सुरू झाली, खदखद सुरू झाली, बाटलीच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. सरांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. डोळे मात्र बाटलीवर खिळले.

देवकाबाईनं कमरेला खोचलेलं बूच काढून त्यांच्यापुढे धरलं. "घ्या सर. घट्ट लावा. गरमी बाहीर नाही गेली पाहिजे ना?"

सरांनी दोन्ही हात मागे घेतले. "देवकाबाई, हा कार्यक्रम आहे. हे काय चालवलंय?"

"मंग मीच लावतो."

तिनं पोरांकडे पाठ केली आणि सरांच्या खुर्चीला अगदी खेटून उभी राहिली. फुटली तर दोघांच्या मधात फुटंल, हे तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं. काच बोटं भाजत होती. तिनं बूच बाटलीच्या तोंडाशी नेलं.

"नको लावू बूच!" सर ओरडले. माईक समोरच होता. जन्मभराची पुस्तकी बोली त्यांच्या जिभेवरून घसरली. "वाफ कोंडते अंदर! फुटते ना बाई ते, एवढंबी समजत नाही का तुले?"

आवाज पटांगणाच्या फाटकापर्यंत गेला.

"समजलं, सर," देवकाबाई म्हणाली. "माह्या पोरीले काहून नाही सांगतलं? तिले तं घट्ट लाव म्हटलं होतं."

"मी फळ्याकडे..." सर थांबले. शालीचं टोक चाचपत राहिले. मग कोणी विचारलं नसतानाच बारीक आवाजात म्हणाले, "थोडा वेळच लावायचं होतं. मला वाटलं, थोड्या वेळानं काही होत नाही."

मांडवात अंजू खाली मान घालून बसली होती. भर उन्हाळ्यात तिनं दोन्ही हात काखेत घातले होते.

देवकाबाईनं मांडवामागे जाऊन बाटली मातीवर रिकामी केली. तिला वाटलं होतं, या घडीला छातीत कुठंतरी गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. पांढरा चुना मातीत फसफसत पडला होता.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती.

"खरंच बोलले?" डिंपलनं विचारलं. "माईकवर?"

"हो. समद्यायनं आयकलं."

डिंपल हातातला कपडा घडी करत राहिली, उलगडत राहिली. मग म्हणाली, "मले आता आता वाटाले लागलं होतं आई, का मीच चुकीचं आयकलं असन."

देवकाबाईनं तिच्या हातातला कपडा घेऊन मशीनवर ठेवला.

दिवस कलला होता. मशीनचा दोरा तुटला होता. एका डोळ्याला सुईचं नेढं कधी जवळ दिसे, कधी लांब, म्हणून अंधारलं की दोरा आईच ओवायची. देवकाबाई पुढे झाली. पण फोड आलेल्या बोटांत दोरा ठरेना. डिंपलनं तिचं मनगट खालून धरलं. दोघी श्वास रोखून वाकल्या.

दोरा सुईच्या बाजूनं गेला. मग दुसऱ्या बाजूनं.

"सावकाश," डिंपल म्हणाली.