लाल मुळांना डोलवणारा शेकर

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. जालन्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत राहतो. काचेचे चंबू अंगावर घेऊन अखंड गोल गोल डोलायचे, एवढेच माझे काम.

नवा होतो तेव्हा मला पाहायला विद्यार्थी गर्दी करायचे. पुढे चकचकीत यंत्रे आली आणि मी अडगळीत मोडक्या खुर्च्यांखाली गेलो. तिथून मला इथे संशोधन करणाऱ्या प्रांजलीताईंनी बाहेर काढले. त्या धावडा गावच्या, शेतकऱ्याच्या लेक. बिटाची मुळे मातीशिवाय, साखरपाण्यात वाढवायची आणि त्यांतून खाण्याचा रंग काढायचा, हा त्यांचा ध्यास.

एकदा त्यांच्या आई जयवंताबाई आल्या होत्या. त्यांनी विचारले, "बीट तर वावरात येतं. मंग बाटलीत कशाला?"

"वावरातलं कधी गडद, कधी फिकं निघतं, आई. हे बारा महिने बराबर एकसारखं."

केसांसारखी बारीक, लालभडक मुळे होती ती. चंबू हलत राहिले तरच त्यांना पुरेशी हवा मिळे.

दिवाळीच्या सुट्टीत माझा पट्टा तुटला. मोटर फिरत राहिली, मी मात्र जागचा हललो नाही. डोळ्यांदेखत मुळे गुदमरली, पाणी तपकिरी झाले. ताई परतल्या आणि त्यांनी मोटर बंद केली. विभागप्रमुख काकासाहेब सरांनी हळहळून सांगितले, की आता हे सगळे टाकून द्या आणि यंत्र भंगारात काढा.

ताईंनी तरी एकेक चंबू उजेडात धरून पाहिला. एकात काही मुळे पाण्याच्या वर, काचेला चिकटून राहिली होती. ती अजून लाल होती! त्यांची टोके कापून ताईंनी साखर घालून थिजवलेल्या नव्या खळीवर वाढायला ठेवली. ताईंच्या बोलावण्यावरून मंठ्याहून कडूबा मिस्त्री आले. त्यांनी मला उघडले, गंज खरवडला, नवा पट्टा चढवला.

"यंत्र बिलकुल चांगलं हाय," ते म्हणाले. "तेलावाचून सुकून गेल्तं."

काही आठवड्यांनी त्या टोकांना फांद्या फुटल्या. ताईंनी चंबू पुन्हा माझ्या अंगावर ठेवले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. परवा त्याच रंगाचे गुलाबी श्रीखंड झाले. काकासाहेब सरांनी दोनदा मागून घेतले.

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूकडे ती बंद पडल्यावरच पाहू नका. माझा पट्टा तुटण्याआधी कितीतरी दिवस करकरत होता. आता ताई येता-जाता क्षणभर थांबून कान देतात, आणि मी निवांत डोलतो.